पऱ्या नव्हे, पऱ्हे

काकूंना सभागृहाबाहेर काढलं तेव्हा दार मी उघडून धरलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी ज्यांच्यावर संतापणार आहे त्यांच्याबरोबर त्या दिवशी मीही उभा होतो, हे तुमच्या ध्यानात राहील.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. आम्ही चौघांनी धरमपेठेतल्या एका कॅफेच्या माडीवर दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ओपन माइक सुरू केला होता. नाव नोंदवायचं, पाळी आली की माइकसमोर जायचं आणि गायचं. अट एकच होती, गाणं स्वतःचं पाहिजे. शब्द आपले, चालही आपली. दारावर पुठ्ठ्याची पाटी होती, 'इथे फक्त स्वतःचं'. काकू त्या कॅफेच्या मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. तिसऱ्या की चौथ्या रविवारी एक जण डोळे मिटून 'माझं पहिलंवहिलं गाणं' गात होता. तेवढ्यात जिन्यावरून एक सत्तरीला आलेल्या बाई वर आल्या. सुती पातळ, पायात पांढरे स्पोर्ट शूज, हात कणकेनं भरलेले.

"कोणाचं गाणं म्हणून राहिला गा हा?" त्यांनी विचारलं.

"त्याचंच आहे, काकू."

"त्याचं? माह्या स्वयंपाकघरात ऐकू येते ना सारं. थांब."

आणि त्यांनी शिट्टी वाजवली. पोरं वाजवतात तशी नव्हे. सुरात, मुरक्यांसकट, आमच्या जन्माआधीच्या एका सिनेमातल्या गाण्याचा अख्खा मुखडा. गाणाऱ्यानं डोळे उघडले. त्याची चाल आणि ती शिट्टी यांत दोन सुरांचाही फरक नव्हता.

"पाटी काढा नाहीतर असे लोकं काढा," असं म्हणून त्या कणीक मळायला परत गेल्या. पुढच्या रविवारी मात्र पाचला पाच कमी असताना येऊन पहिल्या रांगेत बसल्या.

मग दर रविवारी. मांडीवर स्कूटीचं हेल्मेट आणि पायाशी स्वतःच्या चहाचा थर्मास. कॅफेत त्यांनी कधी काही मागवलं नाही. "यांची कॉफी कडू आहे न माणसं त्याहून," असं मालकाच्या देखत म्हणत. स्वतः कधी गायल्या नाहीत. "माह्या गळ्यात घासलेट गेलं आहे," म्हणत. खरं काय ते कळलं नाही. गाणं ऐकताना त्या गाणाऱ्याकडे बघतच नसत. मान खाली, उजवा कान थोडा पुढे. गाणं संपलं आणि त्या टाळी वाजवत उठल्या, तर सुटलो. ओठांचा चंबू होऊ लागला की गाणारा तिथंच घामानं भिजे.

मीही भिजलो आहे. तेव्हा मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात तपासनीस होतो. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता गाणी लिहायचो. एका मुलीसाठी लिहिलेलं, फार हळवं असं एक गाणं मी म्हटलं. काकूंनी शिट्टी वाजवली, ती लहानपणी रेडिओवर लागणाऱ्या एका दंतमंजनाच्या जाहिरातीची. माडी हसून हसून आडवी झाली. ती मुलगीही तिथंच होती, तीही हसली. मी काकूंचा इतका राग केला की सोमवारी बसमध्ये शेजाऱ्याशी बोललो नाही. मंगळवारी ती चाल गुणगुणताना माझ्या तोंडात आपोआप दंतमंजनाचं नाव आलं, आणि मी गप बसलो. तीन आठवड्यांनी चाल बदलून तेच गाणं पुन्हा म्हटलं. काकू शेवटपर्यंत मान खाली घालून होत्या. मग म्हणाल्या, "आता तुह्यं झालं. चांगलं नाही, पण तुह्यं आहे."

एवढं चांगलं प्रमाणपत्र मला पुढे कुठल्याही परीक्षकानं दिलं नाही.

त्या चुकतही. मौद्याहून एक निवृत्त मास्तर यायचे. त्यांच्या गाण्यावर काकूंनी एका भजनाची शिट्टी वाजवली. मास्तर म्हणाले, "बाई, आमच्या गावच्या भजनाच्या चालीवर आहे हे मी सुरुवातीलाच सांगितलं. तुम्ही थर्मासचं झाकण लावून राहिल्या होत्या." आणि उठून गेले. पुढच्या रविवारी काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा नाव नोंदवलं. माइकसमोर उभ्या राहिल्या. "मागच्या वेळी मी चुकली. मास्तरांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. सगळ्यांसमोर बोलली, म्हणून सगळ्यांसमोर सांगून राहिली." मास्तर आलेच नव्हते. तर या बाईनं त्यांचा नंबर माझ्याकडून घेतला आणि तिथूनच, माइक चालू ठेवून, त्यांना फोन लावला.

फोनशी त्यांचं जुनं नातं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सारी नोकरी कानाला हेडफोन लावून गेली होती. एकदा मी विचारलं, "काकू, कुणी एखादी चाल उचलली तर तुम्हाला एवढा त्रास काहून होतो?" त्यांनी माझ्याकडे मतिमंदाकडे बघावं तसं बघितलं. "आमाले पहिल्या दिवशी एकच शिकवलं होतं. ज्याचा फोन, त्यालेच जोडायचा. दुसऱ्याले जोडला तर त्या माणसाचं बोलणंच गेलं ना गा."

आता दुसरी एक मुलगी, जिच्यासाठी हे सगळं सांगतोय.

कुहीकडच्या एका खेड्यातली. नागपुरात एका खासगी दवाखान्यात नर्स होती. ड्युटीतून सुटका मिळाली तर महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. वाद्य काही नाही, टेबलावर बोटांनी ठेका धरायची. आली तेव्हा तिनं आधी विचारलं, "आमच्याकडल्या बोलीत चालते का?" आमच्यातला गिटारवाला म्हणाला, "चालतं ना, फोक फोक." त्याच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

तिच्याकडे धानाची शेती. धानाचं बी आधी एका वाफ्यात दाट पेरतात. वीतभर रोपं झाली की ती उपटून, मुळं धुऊन, मुठी बांधून दुसऱ्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या पाण्याच्या वावरात, रोवतात. त्या कोवळ्या रोपांना तिकडे पऱ्हे म्हणतात. मला हे काही माहीत नव्हतं. तिनं त्या पऱ्ह्यांशी बोलणारं गाणं म्हटलं.

*पऱ्ह्यांनो, हळूच निघा गा,*
*मातीले कळू देऊ नका;*
*मुठी मुठीनं बांधले तुमाले,*
*पाण्यात धुतले पाय;*
*दुसऱ्या बांधीत उभं राहायचं,*
*मागं वळून पाहू नका.*

घर सोडून शहरात आलेली ती मुलगी स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता सगळं बोलून गेली होती. मी फोनवर रेकॉर्ड करत होतो. काकू टाळी वाजवायला उठल्याच नाहीत. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. तो चहा आमच्यापैकी कुणालाही कधी मिळाला नव्हता.

"कोणी शिकवलं वं तुले?"

"कोणी नाही, काकू. आईसोबत रोवणीले जायची, तिथं सुचलं."

काही महिन्यांनी कॅफेच्या मालकानं मोठा कार्यक्रम ठरवला. सिव्हिल लाइन्समधलं एक सभागृह, मुंबईहून तीन परीक्षक, निवडलेली गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होणार. अर्ज फक्त इंटरनेटवर आणि इंग्रजीत. त्या मुलीला कुणी कळवलंच नाही. यादी माझ्याकडे होती, म्हणजे मी कळवलं नाही. माझं गाणं निवडलं गेलं होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुपारचा कार्यक्रम. दाराची व्यवस्था माझ्याकडे. पाचव्या क्रमांकावर आमचा गिटारवाला, मालकाचा सख्खा भाचा. त्यानं केस मागे सारले. "हे गाणं माझ्या खूप आतून आलंय," तो म्हणाला. "लहानपणी आजी परीच्या गोष्टी सांगायची..." आणि सुरू झाला.

*पऱ्यांनो, हळूच निघा गं,*
*मातीला कळू देऊ नका...*

क्षणभर मला समजेना. चाल तीच. ठेका तोच, फक्त टेबलाऐवजी गिटारवर. बांधीचं त्यानं बंध केलं होतं, 'दुसऱ्या बंधात उभं राहायचं'. चोरी करणाऱ्यानं निदान नीट तरी ऐकावं! धानाच्या रोपांच्या त्यानं पऱ्या केल्या होत्या. मुठीत बांधून पाण्यात पाय धुतलेल्या पऱ्या. आणि परीक्षक माना डोलवत होते.

पहिल्या रांगेतून शिट्टी आली. काकूंनी त्या मुलीची लय पकडली होती, त्याच्यापेक्षा किंचित संथ, ती गायची तशीच. गिटार अडखळली. काकू उभ्या राहिल्या.

"पऱ्या नाही, पऱ्हे! धानाचे पऱ्हे! कुहीच्या पोट्टीचं गाणं आहे ते. सांग बरं, बांधी म्हणजे काय?"

"काकू," तो हसून म्हणाला, "कविता आहे ही."

"कविताच आहे. तिची आहे."

एक परीक्षक माइकवर बोलले, "बाई, कृपया बसा. कवीची प्रतिमा असते. चिखलात उतरलेल्या पऱ्या, काय विलक्षण कल्पना आहे! प्रत्येक गोष्ट शेतात नसते हो उगवत."

सभागृह हसलं. काकूंचा चेहरा लाल झाला होता. त्या मागे वळल्या आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. "तो पाहा, दाराशी उभा आहे. त्याच्या फोनमध्ये आहे ते गाणं. त्यानंच भरलं होतं. सांग गा, आहे की नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मालकानं विंगेतून मला खूण केली, यांना बाहेर घे. फोन माझ्या खिशात होता. गाणं फोनमध्ये होतं. सातव्या क्रमांकावर माझं गाणं होतं.

"काकू," मी म्हणालो, "बाहेर या. आपण नंतर बोलू."

आणि दार उघडून धरलं.

त्यांनी हेल्मेट उचललं, थर्मास उचलला. माझ्यासमोरून जाताना थांबल्याही नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्यामागे दार लावून मी आत आलो आणि सातव्या क्रमांकावर जाऊन गायलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर पऱ्यांना मिळाला, तिसरा मला.

काकू तिथून थेट दवाखान्यात गेल्या, हे मला त्या मुलीनं नंतर सांगितलं. वॉर्डाच्या दारात उभं राहून त्यांनी तिला सारं ऐकवलं. ती सलाइनची बाटली बदलत होती. म्हणाली, "जाऊ द्या, काकू."

"काहून जाऊ द्या?"

"मी काय करू शकते? मले इथं नोकरी करायची आहे. त्याच्या मामाच्या ओळखी आहेत."

"तू काही नको करू. पण 'जाऊ द्या' म्हणू नको. चोर असं म्हणते. तू कशाले म्हणतेस?"

मी तीन आठवडे बुटीबोरीच्या बसमध्ये ते रेकॉर्डिंग ऐकलं. तीन आठवडे! एका रविवारी सकाळी काकूंच्या दारावर गेलो. त्यांनी आतलं दार उघडलं, लोखंडी जाळीचं उघडलं नाही. मी जाळीतून फोन पुढे केला. "काकू, हे घ्या. तुमच्याजवळ ठेवा. तुम्ही म्हणाल ते करू."

"मले काहून देऊन राहिला? माह्यं गाणं आहे का ते? जिचं आहे तिले दे."

आणि दार लावलं.

मी दवाखान्यात गेलो. जिन्याखाली उभं राहून तिनं स्वतःचा आवाज ऐकला. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही तेव्हा होते ना तिथं?"

"होतो."

"बरं," ती म्हणाली. मग फोन माझ्या हातात परत देत, "पुढच्या रविवारी माझी सुट्टी आहे. नाव लिहा."

त्या रविवारी ती माडीवर आली, सोबत आई. माइकसमोर उभी राहून तिनं आधी पऱ्हे म्हणजे काय ते सांगितलं. कसे उपटतात, अंगठा कुठं लावायचा, मुळं तुटली तर काय होतं. आईनं बसल्या जागेवरून एक दुरुस्तीही केली. मग ती गायली. गिटारवाला मागे भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होता. तिच्यानंतर मी माइकवर गेलो. रेकॉर्डिंग लावलं, तारीख दाखवली, आणि मी गप्प का बसलो होतो तेही सांगितलं. माझं गाणं मी स्टुडिओकडून परत घेतलं होतं, पण त्याचा मोठेपणा नको. त्याला तीन आठवडे उशीर झाला होता.

गिटारवाला काय म्हणाला असेल? "आपण सगळेच एकमेकांकडून इन्स्पायर होतो, यार." मालक म्हणाला, "माझ्या कॅफेत वाद नकोत." पुढच्या रविवारी माडीवर कुलूप होतं. आमची पाटीही कुणी काढून नेली.

परीक्षकांना पत्र लिहिलं, उत्तर नाही. स्टुडिओला लिहिलं, 'विषय तपासत आहोत' असं आलं, अजून तपासताहेत, पण पऱ्यांचं गाणं त्यांनी तोवर बाजारात आणलं होतं. तिचं रेकॉर्डिंग आम्ही इंटरनेटवर टाकलं. त्याखाली लोकांनी काय लिहावं? 'ओरिजिनल ऐका आधी, हिने शब्द चुकीचे म्हटलेत.' 'पऱ्हे काय असतं? पऱ्या आहे ते, ताई.' एका शहाण्यानं तर तिला उच्चारांचा वर्ग सुचवला होता. आणि पऱ्या जोरात सुटल्या. लग्नात नवरी मांडवात येताना ते गाणं वाजायला लागलं. पुढे चार पोरी पंख लावून, मागून नवरी, आणि स्पीकरवर 'मातीला कळू देऊ नका'. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात वाजलं तेव्हा मी जेवण सोडून उठलो. आई म्हणाली, "काय झालं गा?" तिला काय सांगणार?

काकू माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मी हात वर करायचो, त्या स्कूटी पुढे न्यायच्या. त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

मग गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारच्या लग्नाची वरात, शंकरनगरच्या चौकाजवळ. पुढे धुमालवाले, ते ट्रॉलीवर ढोल, ताशे आणि माइक घेऊन चालणारं आपल्याकडचं पथक. ट्रॉलीवर उभा एक घामेजलेला गायक घसा फोडून म्हणत होता, "पऱ्यांनो, हळूच निघा गं!" रस्ता तुंबला होता. मी मोटरसायकलवर अडकलो होतो. इतक्यात माझ्या बाजूनं एक स्कूटी पुढे घुसली आणि सरळ धुमालच्या ट्रॉलीसमोर आडवी उभी राहिली. हेल्मेट न काढताच काकू उतरल्या आणि हात वर केला. ढोल थांबले.

नवरदेवाचे मित्र धावले. "ओ आजी, वरात आहे! बाजूला व्हा!"

"होते ना बाजूले. एक शब्द चुकून राहिला त्याचा." त्यांनी गायकाकडे मान वर केली. "पऱ्या नाही गा. पऱ्हे."

माइक तोंडापासून दूर करायचंही गायकाला सुचलं नाही. सगळ्या चौकाला ऐकू गेलं. "पऱ्हे? धानाचे? तरीच बाप्पा! मी भिवापूरकडचा, मावशी. मुठीत बांधून पाण्यात धुतलेल्या पऱ्या कोणत्या गावच्या असतात, मले समजतच नव्हतं!"

ताशेवाला हसला. वरातीतल्या मागच्या दोन बायका पुढे आल्या. त्यातली एक म्हणाली, "हाव, पऱ्हेच असन. आमच्या इकडं पण म्हणतात." नवरदेव घोड्यावरून वाकून विचारत होता की झालं काय. मागे गाड्यांचे भोंगे चालले होते आणि काकूंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी सारं गाणं त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं. बंध नाही, बांधी. गं नाही, गा. त्यानं दोन्ही ओळी नीट म्हणून दाखवल्या.

"आता कोणाचं आहे ते सांग," काकू म्हणाल्या. "त्याच्याशिवाय म्हणायचं नाही."

त्यांनी त्या मुलीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. गायकानं माइक तोंडाशी धरला आणि भर चौकात घोषणा केली, "हे गाणं आपल्या कुही तालुक्यातल्या..." नाव बरोबर घेतलं. गावाच्या नावात गडबड केली.

वरात निघाली होती. ताशा वाजायला लागला होता. काकूंनी पुन्हा हात वर केला.

"गाव चुकलं. परत म्हण."

त्यानं परत म्हटलं.